मूठभर कण्या

“ही तुमची कोण?” मी विचारलं.

“कोणी नाही,” ती बाई म्हणाली.

सुबिमलनं तिचं बंगाली मला मराठी-हिंदीची भेळ करून सांगितलं. स्वतःचीच खात्री पटेना म्हणून त्यानं तिला पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. कोणी नाही. पण तिला माझ्याकडे द्या.

एकाहत्तर साल होतं. पूर्व बंगालातून निघालेली माणसं सीमेवरच्या छावण्यांत मावेनात, तेव्हा सरकार त्यांना खास गाड्यांत भरून मध्य भारतात आणून सोडत होतं. रायपूरच्या अलीकडे एका मुरमाड माळावर आमची छावणी होती. मी हेमलता ढवळे, नागपूरला समाजकार्य शिकून नुकती बाहेर पडलेली. माझ्याकडे मुलांची शेड होती. वाटेत ज्यांचे आईबाप मेले, हरवले, किंवा गर्दीत ज्यांचा हात सुटला, ती मुलं तिथे ठेवायची, त्यांना खाऊपिऊ घालायचं आणि त्यांचं कोणी आलंच तर पारखून हवाली करायची. घरच्या पत्रात मी लिहायची, मुलं सांभाळते. खरं म्हणजे राखण करत होते.

राखण करावी लागायची, कारण थोड्याच दिवसांपूर्वी एक जोडपं मामा-मामी म्हणून आलं होतं आणि गोड बोलून दोन मुली घेऊन गेलं होतं. स्टेशनवर हवालदाराला संशय आला म्हणून मुली परत मिळाल्या. तेव्हापासून आमचे अधीक्षक बोकारे साहेब यांनी दोन्हीकडून विचारायची पद्धत घातली. मोठ्या माणसाला एकीकडे विचारायचं, मुलाला दुसरीकडे. अंगणात झाड कोणतं, गाईला काय हाक मारायचे, घरात कोण तोतरं बोलायचं. दोघांची उत्तरं जुळली आणि नातं लागलं, तर मूल द्यायचं. नाही तर शनिवारच्या ट्रकनं नागपूरच्या अनाथाश्रमात पाठवायचं.

पहिले काही दिवस मी रोज रडायची. मग एके दिवशी झोपताना लक्षात आलं, की आज आपण रडलो नाही. त्याचंही फारसं काही वाटलं नाही. पाय मुंग्या येऊन बधिर होतो आणि आपण त्यावर उभे राहतो, चालतोही, तसं माझं चाललं होतं.

मुलीचं नाव फेलानी. पाच-सहा वर्षांची असेल. आधीच्या गाडीनं आली होती. कुठल्याशा स्टेशनावर पाण्यासाठी झुंबड उडाली, कोणीतरी तिला उचलून भलत्याच डब्यात चढवलं, एवढंच तिच्या बोलण्यातून कळलं होतं. तिच्या डाव्या पायात लोखंडाचं कडं होतं. घोट्याशी कातडी सोलून निघाली होती, म्हणून आमच्या आयाबाई सगुणाबाई ते काढायला गेल्या, तर पोरगी त्यांच्या मनगटाला चावली.

“बाई, थे पोरगी कडं काढू देत नाई व,” सगुणाबाई मला हात दाखवत म्हणाल्या. त्या ब्रह्मपुरीकडच्या. “मांजरीवानी चावली मले. राहू द्या मंग पायात, मायं काय जाते!”

राहू दिलं. त्याखाली तेलाची पट्टी बांधली.

आता ही बाई आली होती. खिरोदा तिचं नाव. हाडाची काडं झालेली, लुगड्याला चिखलाचा रंग चढलेला, वयाचा अंदाज येईना. मी तिला दुधाच्या पावडरीच्या उलट्या खोक्यावर बसवलं आणि पद्धतीप्रमाणे विचारायला लागले.

अंगणात काय होतं? सुपारीची झाडं आणि एक जांभूळ, वीज पडून अर्धं जळलेलं. गाय? काळी, तिचं एक शिंग मोडकं. पोरगी कशाला भ्यायची? तळ्यातल्या जळवांना.

मग शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन फेलानीला विचारलं. जळकं जांभूळ. मोडक्या शिंगाची गाय. आणि जळवांचं विचारताच तिनं पाय पोटाशी घेतले.

“झालं की मग!” सुबिमल खूश झाला. तो जबलपूरच्या रेल्वेतल्या बंगाली बाबूचा मुलगा, कॉलेज अर्धं सोडून दुभाषा म्हणून आलेला. तिकडच्या खेड्यापाड्यांचा त्याला गंध नव्हता, पण मन मोठं होतं. एखादं मूल घरच्यांना मिळालं, की तो दिवसभर शीळ घालत फिरायचा.

“ती बाई तुझी कोण?” त्यानं फेलानीला विचारलं.

“काकी.”

“आणि आई?”

“आई नाही मला.”

काकी तर काकी. तेही नातंच. पण खिरोदा तेही कबूल करीना. चुलती नाही, मावशी नाही, शेजारीणही नाही. शेवटी सुबिमल वैतागून म्हणाला, “मग पोर तुझ्याकडे आली कुठून?”

तिनं त्याच्याकडे सरळ बघून सांगितलं.

“काय म्हणाली?”

“विकत घेतली म्हणते. सुईणीकडून. तीन कवड्यांना.”

बोकारे साहेब शेजारच्याच तंबूत तांदळाच्या पोत्यांवरून कोणाशी तरी भांडत होते. ते भांडण अर्धं टाकून आले. सुबिमलनं त्यांना पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“विकत घेतली? आपल्या तोंडानं कबूल करून राहिली? मग आता काय विचारता, बाई? ठेवा पोरीला आत. शनिवारी ट्रक जाईल त्यात बसवा.”

“साहेब, पण उत्तरं सगळी जुळतात.”

“जुळणारच! विकत घेऊन घरात राबवली असेल, तर गाय दोघींनीही पाहिली असेल ना?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “त्या मामा-मामीच्या वेळी मी रात्रभर स्टेशनात बसलो होतो. पुन्हा नाही बसायचं मला.”

त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या जागी मी असते, तर हेच म्हणाले असते.

खिरोदाला सांगितलं, मुलगी मिळणार नाही. तिनं आकांत केला नाही. शेडसमोर मोहाचं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी जाऊन बसली. आमच्याकडे आकांत करणाऱ्यांची सवय होती. त्यांना पाणी द्यायचं, खांद्यावर हात ठेवायचा, हे ठरलेलं होतं. न रडणाऱ्या बाईचं काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. म्हणून मी काहीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या वेळी मुलं बाहेर ओळीनं बसली. फेलानी त्या झाडाकडे पाठ करून बसली. खिरोदा उठून कुंपणाच्या तारेशी आली आणि एकदम काहीतरी बोलायला लागली. आवाज कडू होता. बोलता बोलता ती दोनदा बाजूला थुंकली.

“काय म्हणते?” मी सुबिमलला विचारलं.

त्याचा चेहरा उतरला होता. “शिव्या देते. काळतोंडी म्हणते. उकिरड्यावरची घाण. मरत का नाहीस म्हणते. फेलानी म्हणजेही टाकून दिलेलीच.”

सगुणाबाईंच्या हातातली पळी थांबली. “बाप्पा! अन् इले द्याची पोरगी?”

मी फेलानीकडे बघितलं. मला वाटलं होतं, पोर घाबरली असेल. ती दूध पीत होती. कालपासून तिनं दुधाला तोंड लावलं नव्हतं. आता त्या शिव्या कानावर घेत ती भांडं दोन्ही हातांनी धरून सावकाश पीत होती, आणि सगळं संपवून तिनं ओठांवरच्या दुधाच्या मिशा पुसल्या.

ते बघताना मला माझी आई आठवली. दर्यापूरच्या आमच्या घराच्या ओट्यावर उभी राहून ती माझ्या भावाला हाक मारायची. “ए मेल्या! ए केराच्या गोळ्या! जेवाले येतं का मरतं तिकडंच?” आणि भाऊ हसत हसत जेवायला यायचा. त्याचं नाव केरू. माझ्या आईची त्याच्या आधीची तीन बाळं गेली होती. केरू झाला तेव्हा त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला. शेजारच्या भागीरथीकाकूनं तो उचलला, आणि आईनं मूठभर कण्या देऊन तो काकूकडून विकत घेतला. म्हणजे तो आमचा नाहीच, काकूचा. ज्याला कोणाला न्यायचं असेल त्यानं काकूच्या घरी शोधावं. त्याच्याही पायात आईनं लोखंडाचं कडं घातलं होतं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, मुलगा कोणाचा, तर आईनं त्यांच्या तोंडावर सांगितलं, भागीरथीबाईचा. मास्तर दर्यापूरचेच होते म्हणून निभावलं. आम्ही भावंडं या गोष्टीवरून केरूला किती छळायचो! दिवाळीत त्याला म्हणायचो, तू आपल्या घरी जा ना.

मी दुधाचं काम सगुणाबाईंवर सोपवलं आणि सुबिमलला घेऊन झाडाखाली गेले.

सरळ विचारून चालणार नव्हतं. माझ्या आईला कोणी सरळ विचारलं असतं, तर तिनंही कानावर हात ठेवले असते. मी तिच्यासमोर मातीतच बसले आणि म्हटलं, “हिच्या आधी किती?”

सुबिमलला प्रश्न कळला नाही, पण त्यानं तो तसाच विचारला. खिरोदाला कळला.

“चार.”

“ती चार कोणाची?”

“माझी,” ती म्हणाली. “चारही माझीच. चालायला लागली की जायची.”

“आणि ही?”

“ही? ही सुईणीची. मी तीन कवड्या दिल्या.”

सुबिमल माझ्याकडे बघायला लागला. “म्हणजे?”

“म्हणजे तेच,” मी म्हटलं. “मोठ्यानं बोलू नकोस.”

तिचा नवरा नदी ओलांडताना गोळी लागून गेला होता. घर जळालं होतं, गाय मागे राहिली होती. तिच्यापाशी आता फक्त ही पोरगी होती, आणि तीही ‘माझी नाही’ म्हटल्यामुळेच होती.

बोकारे साहेबांना मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “माझ्या साळ्याचं नाव दगडू आहे, बाई. मला काय सांगता? माझी सासू अजूनही त्याला दगड्या म्हणते, आणि तो तहसीलदार आहे.” जरा हसले. “पण मी वर काय सांगू? विकत घेतली म्हणणाऱ्या बाईला पोरगी दिली म्हणून? उद्या कोणी तिसराच येईल आणि हीच गोष्ट सांगेल. एक करा. माझ्यापुढे तिला एकदा म्हणू द्या, माझी मुलगी आहे म्हणून. दोन शब्द. मी आत्ता देतो.”

मला ते सोपं वाटलं. दोन शब्द तर आहेत. आम्ही तिला साहेबांच्या तंबूत घेऊन आलो. सुबिमलनं तिला हळू आवाजात समजावलं. ती ऐकून घेत होती. तिचे ओठ एकदा हलले, आणि मला वाटलं, म्हणाली.

तिनं विचारलं, “नागपुरात तिला खायला देतील?”

“देतील,” मी म्हटलं.

“औषध?”

“तेही देतील.”

“मग न्या,” खिरोदा म्हणाली. “ती माझी कोणी नाही. न्या तिला.”

आणि ती उठली. मागे न बघता तंबूबाहेर गेली. साहेबांनी पुन्हा चष्मा काढला. या वेळी त्यांनी तो पुसलाही नाही.

ट्रक दुसऱ्याच दिवशी निघणार होता. मला त्या वेळी काय वाटलं ते सांगायचं, तर राग आला. कुणाचा, ते नाही सांगता येणार. पण कितीतरी दिवसांत मला काहीतरी वाटलं होतं, आणि त्या रागाच्या भरातच मला सुचलं.

छावणीत एक सोय होती. आश्रमात पाठवायचं नसलेलं पोरकं मूल आमच्या विभागाच्या नावावर ठेवून छावणीतल्याच एखाद्या कुटुंबाकडे सांभाळायला द्यायचं. मूल आमचं, सांभाळ त्यांचा. त्यांना दूध जास्त मिळायचं आणि आम्ही रोज जाऊन बघायचं.

“साहेब,” मी म्हटलं, “मुलगी मी घेते. माझ्या नावावर. आणि सांभाळायला हिच्याकडे देते. रोज बघायला मी स्वतः जाईन. मग तिला काही म्हणायलाच नको.”

बोकारे साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. “काय डोकं चालवून राहिल्या तुम्ही!” मग पोत्यांच्या ढिगाकडे बोट करून म्हणाले, “कण्या त्या कोपऱ्यातल्या पोत्यात आहेत. घ्या मूठभर. हिशेबात धरत नाही मी.”

शेडच्या दारात आम्ही तो व्यवहार केला. सगुणाबाईंनी फेलानीची वेणी घालून तिला उभी केली. मी खिरोदाच्या हातात मूठभर कण्या ठेवल्या आणि मला येत होतं तेवढ्या मोडक्या बंगालीत म्हटलं, “ही आता माझी. मी विकत घेतली. माझी पोर तू सांभाळ.”

खिरोदा आधी त्या कण्यांकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा एकदम वीस वर्षांनी लहान झाला, आणि मला कळलं की ती माझ्याहून फार मोठी नाही. तिनं कण्या पदराच्या टोकाला बांधल्या, गाठ दातानं आवळली, आणि फेलानीच्या पाठीत एक धपाटा घालून म्हणाली, “चल, काळतोंडी.”

सगुणाबाई डोळे पुसत म्हणाल्या, “आता पाहा, तुमी माय झाल्या व बाई, लग्नाच्या आंधीच.” आणि आम्ही सगळेच हसलो. बोकारे साहेबही. सुबिमल संध्याकाळपर्यंत शीळ घालत होता.

ठरल्याप्रमाणे मी रोज त्यांच्या तंबूवर जायची. फेलानी आता बोलायला लागली होती. मला बघितलं की खिरोदा मोठ्यानं म्हणायची, “बघा तुमची पोर, कशी वाळत चालली,” आणि पोर तर गुबगुबीत होत होती. मी म्हणायची, “माझीच आहे ती, वाळली तर वाळली.” माझ्या बंगालीला त्या दोघी हसायच्या. कडं आता घट्ट व्हायला लागलं होतं. दिवसभरात तेवढ्या एका तंबूत मला बरं वाटायचं.

थंडीच्या तोंडावर छावणीत गोवर आला.

त्या दिवसांबद्दल मला सांगण्यासारखं फार नाही. मुलं अंगावर पुरळ घेऊन झोपायची आणि काही उठायची. डॉक्टर एकच होते. पुरायला नाल्यापलीकडची जागा आखून दिली होती. मी दूध वाटायची, ताप बघायची, पुन्हा दूध वाटायची. केरूच्या लग्नाला ये म्हणून घरून पत्र आलं होतं. त्याला काय उत्तर लिहिलं ते आठवत नाही.

एका सकाळी सगुणाबाई शेडमध्ये आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. “बाई, चला. तुमची पोरगी गेली.”

मी पदर खोचला आणि गेले. तंबूत शेजारणी जमल्या होत्या. फेलानीला चटईवर निजवलं होतं. कोणीतरी तिचे केस विंचरले होते. खिरोदा तिच्या पायाशी बसून ते कडं काढत होती. घाई नव्हती तिला. थोडं तेल लावायची, थोडं फिरवायची. मग ते निघालं, आणि तिनं ते बाजूला ठेवलं.

नाल्यापलीकडे कोणाला न्यायचं त्याची नोंद करणारा कारकून दारात वाकला. नवीन होता, आमच्यातलं त्याला काही माहीत नव्हतं. “मूल कोणाचं?” त्यानं विचारलं.

“माझं,” मी म्हटलं. कागदावर तसंच होतं. आणि मला वाटलं, तिच्या तोंडून ते निघायला नको, निदान एवढं तरी आपण करू.

“ना,” खिरोदा म्हणाली.

तिनं पदराचं टोक पुढे घेतलं. ती गाठ तशीच होती. छावणीत माणसं भाताच्या शितासाठी भांडत होती, आणि तिनं त्या कण्या शिजवल्या नव्हत्या. दातानं गाठ सोडून तिनं त्या माझ्या तळहातावर ओतल्या, कापडाला चिकटलेले चार दाणेही बोटानं झटकून दिले, आणि माझी बोटं मिटली.

मग ती कारकुनाकडे वळली.

“आमार,” ती म्हणाली. त्याला कळलं नाही असं वाटून तिनं छातीवर हात ठेवला आणि मोठ्यानं, शेजारच्या तंबूंतही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, “माझी. माझी मुलगी आहे.”

कारकुनानं लिहून घेतलं. सुबिमल बाहेर उभा होता. त्याला भाषांतर करावं लागलं नाही.

नाल्यापलीकडे जाऊन आलो, तोवर मुलांच्या दुधाची वेळ झाली होती. ओळ लागलेली होती. सगुणाबाईंनी पिंप आणून ठेवलं. मुठीतल्या त्या कण्या पोत्यात परत टाकाव्यात असं मला वाटलं नाही, आणि दुसरीकडे कुठे ठेवाव्यात ते सुचेना. दूध त्या दिवशी मी एकाच हातानं वाटलं.